स्तुतीखालची ओळ

या, असे जवळ येऊन बसा. लांबून ऐकलीत तर या गोष्टीतला आरडाओरडा तेवढा कानावर पडेल, आणि एका बाईने दबक्या आवाजात विचारलेले प्रश्न निसटून जातील. गोष्ट एका हाताची आहे. तो हात तापलेल्या लोखंडावर दाबायचा असं भर सकाळी ठरलं होतं, आणि ठरवणारी माणसं काही राक्षस नव्हती. घरी लेकरांना खांद्यावर घेऊन फिरवणारी माणसं होती ती. म्हणून तर ऐका म्हणतो.

पत्रे कापायच्या कारखान्याच्या अंगणात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कापयंत्राशेजारी टेबल मांडलं होतं, टेबलावर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरपुढे गादीच्या खुर्चीत आज्ञाबाबा. निर्जीव वस्तूही आपली आज्ञा पाळतात, अशी त्यांची ख्याती. गाड्या, पंप, पंखे, सगळ्यांशी त्यांचं बोलणं चालतं म्हणे. मालक त्यांच्या मागे हात जोडून उभे होते.

"फाईल म्हणजे काय?" बाबांनी विचारलं. कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगितलं, "फाईल म्हणजे लहर. लिहिणाऱ्याच्या हातातली लहर कीबोर्डच्या कळेत उतरते, कळेतून तारेत, तारेतून पात्यात. हात शापित, की पातं शापित. हे विज्ञानच आहे. फक्त ते अजून विज्ञानाला कळलेलं नाही."

"वा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पहिल्यांदा, जिचा हात जाळायचं ठरलं होतं त्या लेखनिक मुलीने लिहिलेली फाईल यंत्राला दिली. पातं खाली आलं, पत्रा किंचाळला आणि तिरपा फाटून बाहेर पडला. मग बाबांनी पडद्यावर तळवा ठेवला. "शापित हाताने लिहिलेली माझी स्तुती मी परत घेतो." शेजारच्या शिष्याने कळा दाबल्या आणि फाईलीच्या माथ्यावरच्या स्तुतीच्या ओळी पुसल्या गेल्या. "आता फाईलीला डोळे मिटू द्या." फाईल बंद झाली. "आता उघडू द्या." फाईल उघडली. शिष्याने तेच आकडे पुन्हा टाकले. तेच यंत्र, तसाच पत्रा. पातं आलं आणि तुकडा असा सरळ पडला की त्याची कड फूटपट्टी म्हणून वापरावी.

अंगणाने श्वास सोडला. बायांनी पदर पुढे घेतले. आणि पातेकाका रडायला लागले.

पातेकाका म्हणजे कापयंत्र चालवणारा म्हातारा. गेल्या आठवड्यात चालत्या यंत्रात पत्र्याची पकड अवेळी सुटली, पत्रा भिरभिरत आला आणि काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन गेला. ती फाईलही त्याच मुलीने लिहिलेली होती. काकांनी पट्टी बांधलेला हात वर धरला. "माझ्या बोटांचं काय, बाबा?"

"शाप उतरला नाही तर पुढच्या वेळी मान जाईल," बाबा शांतपणे म्हणाले. "उतारा एकच. जो हात लिहितो तो पत्र्याची कड वाकवायच्या तापल्या तव्यावर ठेवायचा. आणि तो धरायचा तिच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसानेच. तिची सासू आली आहे ना?"

आली होती. गर्दीच्या कडेला पिशवी धरून उभी होती. तिला सगळे टायपिंगबाई म्हणत. तिचा टायपिंगचा क्लास होता, आणि अंगणातल्या अर्ध्याअधिक माणसांनी तिच्याच हाताखाली कळा बडवल्या होत्या. बाई देवभोळी. पहाटे उठून देवाचं गाणं म्हटल्याशिवाय चूल पेटवत नसे. पण यंत्राचा हात जड झाला तर तेल घालावं, नवस बोलू नये, एवढी अक्कल त्याच देवाने तिला दिली होती.

तिची सून शेजारीच उभी होती. तोंडावरचा रंग उडालेला. तिच्या पलीकडे बाईंचा लेक, मालवाहू गाडी चालवणारा. इतका अबोल की घरी त्याला 'मुका' म्हणत. तोही हसून ओ देई.

"बाई, पुढे या," मालक म्हणाले. "तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच आम्हाला शिस्त शिकवलीत."

बाई पिशवी घट्ट धरून पुढे झाल्या. वर्गात उभं राहून उभं राहून आवाजाला एक सवय लागते; मन घाबरलं तरी तो कापत नाही. "धरते ना हात," त्या म्हणाल्या. "पण आधी ती लिहिते कशी ते मला बघू दे. शिकवलं मीच आहे. चूक असेल तर मला दिसेल."

"वेळकाढूपणा," बाबा पुटपुटले.

"तवा तापेपर्यंत वेळ आहेच की," बाई म्हणाल्या आणि सुनेचा दंड धरून लेखनखोलीकडे चालू लागल्या. लेक मागोमाग निघाला. खोलीच्या दाराची कडी कधीच तुटलेली होती. तो दाराबाहेर थांबला, दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

आत तीन कॉम्प्युटर होते. बाई खुर्चीत बसल्या. "हं. सांग. भराभर आणि नीट."

सून सांगू लागली. यंत्राला काय कापायचं ते साध्या मजकुराच्या फाईलीत लिहायचं. लिहायचा प्रोग्रॅम साधाच, सगळे त्याला एडिटर म्हणतात. एका ओळीत तीन आकडे: कुठे कापायचं, पकड किती घट्ट, पकड कधी सोडायची. यंत्र रकाना ओळखतं तो जागा मोजून. म्हणून मधलं अंतर मोकळ्या जागांनीच भरायला हवं. टॅबची कळ दाबली तर पडद्यावर तेवढंच अंतर दिसतं, पण यंत्राच्या हिशेबात ती एकच जागा. आकडा शेजारच्या रकान्यात घसरतो.

"मग टॅब दाबताच कशाला?"

"यंत्र बसवणाऱ्या माणसाने प्रत्येक फाईलीत एक ओळ घालून दिली आहे, आई. नियमाची ओळ. या फाईलीत टॅब दाबला की एडिटरने मोकळ्या जागा टाकायच्या, असं तिच्यात लिहिलंय. सगळ्यांच्या फाईलीत चालतं. माझ्यात चालत नाही. ओळ आहे, पण एडिटर ऐकतच नाही."

बाहेरून आवाज आला, "ए, हो बाजूला." मग काहीतरी दारावर आदळलं. दार आत आलं आणि परत बाहेर गेलं.

"आई, तुझं चालू दे," लेक बाहेरून म्हणाला. दिवसभराचं बोलून झाल्यासारखा गप्प झाला.

बाईंनी सुनेची फाईल उघडली आणि स्वतः एक ओळ लिहिली. आकडा, टॅब, आकडा. मग बाणाची कळ दाबली. कर्सर त्या अंतरावरून बेडकासारखा टुणकन पलीकडे गेला. त्यांनी सुनेशेजारी बसून लिहिणाऱ्या शेजारणीची फाईल उघडली, तसंच लिहिलं, बाण दाबला. इथे कर्सर एक एक पाऊल टाकत गेला.

"दोन्ही वेळा हात माझाच," बाई म्हणाल्या. "म्हणजे हाताचं खूळ संपलं. कॉम्प्युटर बदल."

दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुनेची फाईल उघडली. तिथेही उडी. "कॉम्प्युटरही सुटला. दोष फाईलीतच आहे. आता या फाईलीत वेगळं काय?"

दारावर आता लाकडाचा नव्हे, अंगाचा आवाज येत होता. बोथट, ओला. तवा तापला होता; अंगणातली माणसं त्याला पत्र्याच्या पट्ट्यांनी मारत होती. एकेक फटका बसला की लेकाच्या घशातून थोडी हवा बाहेर पडे. सून दाराकडे धावली. बाईंनी तिची वेणी धरून तिला मागे ओढलं.

"बस. तू बाहेर गेलीस तर त्याने खाल्लेला मार फुकट जाईल. नियमाची ओळ मोठ्याने वाच. अक्षर न् अक्षर."

सुनेने रडत रडत वाचली. शेजारणीच्या फाईलीतली ओळही वाचली. काना-मात्रेचा फरक नव्हता. बाईंनी चांगली चालणारी ओळ उचलून सुनेच्या फाईलीत त्याच जागी टाकली. उडी. "ओळ चोख आहे. मग ती बसली आहे कुठे?"

दोघींनी एकदमच बघितलं. या कारखान्यात जुनी रीत होती: कुठल्याही फाईलीच्या माथ्यावर पहिल्या ओळीत देवाला नमस्कार लिहायचा, आणि नमस्काराच्या वर काही म्हणजे काही लिहायचं नाही. नवं यंत्र आलं तेव्हा मालकांनी हुकूम काढला की यापुढे तिथे आज्ञाबाबांची सात ओळींची स्तुती लिहावी. मंडळींनी माना डोलावल्या आणि एका ओळीत 'जय आज्ञाबाबा, बाकी मनात' असं लिहून हात झाडले. पूर्ण स्तुती लिहिणारी एकटी हीच. कारण अर्धवट काम करायचं नाही, असं तिला या घरात शिकवलं होतं.

"शेजारणीची नियमाची ओळ दुसरी," बाई म्हणाल्या. "तुझी आठवी."

त्यांनी स्तुतीच्या ओळी पुसल्या, टॅब दाबला, बाण दाबला. उडी.

बाईंचा धीर तिथे खचला. हात कळांवरच राहिला. बाहेर पातेकाकांचा आवाज आला, फाटलेला: "सरक रे पोरा, तुझ्याशी वैर नाही माझं," आणि पाठोपाठ लोखंडी नळीचा आवाज. हाडावर नळी बसली की कसा आवाज येतो ते मी सांगत नाही. ज्याने ऐकलाय तो विसरत नाही.

"आई," लेक म्हणाला. या वेळी शब्द नीट फुटला नाही. "चालू दे."

देवा, बाई मनात म्हणाल्या, चमत्कार नको. फक्त डोकं जागेवर राहू दे. आणि मग त्यांना आठवलं. फाईलीला डोळे मिटू द्या. आता उघडू द्या. त्या ढोंग्याने एवढं नाटक उगाच केलं नव्हतं. त्यांनी फाईल जतन केली, बंद केली, पुन्हा उघडली. टॅब. बाण.

कर्सर पावलं टाकत गेला.

"उघडतानाच वाचतो तो," बाई पुटपुटल्या. "आणि वरवरचंच वाचतो." त्यांनी स्तुतीची एकेक ओळ परत चढवली, दर वेळी फाईल बंद, फाईल उघड. नियमाची ओळ पाचवी असेपर्यंत एडिटर शहाण्या मुलासारखा वागत होता. ती सहावी झाली आणि गडी ठार बहिरा.

बाई उठल्या. दार उघडलं तेव्हा लेक आत कोसळला. उजव्या कानातून रक्त येत होतं, एक हात भलत्याच ठिकाणी वाकला होता. सुनेने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. उंबऱ्यावर पातेकाका नळी घेऊन उभे, मागे पट्ट्या उगारलेली माणसं, आणि त्यांच्या मागे लालभडक तवा.

"हात खाली," बाई म्हणाल्या.

ओरडल्या नाहीत. वर्गात म्हणत तसं म्हणाल्या. आणि काय सांगू, निम्मे हात आपोआप खाली आले.

"सुनेचा हात मी धरते. तोंडातून शब्द काढणार नाही. त्याआधी बाबांनी स्वतःच्या पवित्र हाताने एक फाईल लिहावी. स्वतःची स्तुती, पूर्ण. खाली आकडे. आणि यंत्राला द्यावी."

बाबा हसले. "माझं तेज यंत्राला सोसायचं नाही, माई."

"मघाशी तर पडद्यावर तळवा ठेवलात. तेव्हा सोसलं."

"तो आशीर्वाद होता. लेखन वेगळं. लेखनात ऊर्जा..."

"का, स्तुती पाठ नाही? लोकांकडून लिहून घेता म्हणून विचारते."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. मालक चुळबुळले. पण नळी हातात धरून पातेकाका वळले होते. "लिहा, बाबा," ते म्हणाले. "माझी बोटं गेलीत. मला बघायचंय."

बाबांनी शिष्याकडे पाहिलं. शिष्य पूर्वी कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरायचा. त्याचा चेहरा आता धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा. बाबांनी एक ओळ लिहिली आणि थांबले.

"सात," बाई म्हणाल्या.

सात झाल्या. बाईंनी खाली सगळ्यांच्या फाईलीतली नियमाची ओळ घालायला लावली, फाईल एकदा मिटून उघडायला लावली, मग बाबांकडूनच आकडे टाकून घेतले. सगळे यंत्रापासून लांब सरले. पातं आलं. पत्रा किंचाळला आणि तिरपा फाटून भिंतीवर आदळला.

सगळं अंगण बाबांकडे वळलं.

"यंत्रच शापित झालं," बाबा घाईने म्हणाले. "त्या बाईच्या सावलीने..."

"सूनबाई, ये," बाई म्हणाल्या. सून आली. तिच्या ओच्यावर नवऱ्याचं रक्त होतं. "बाबांची फाईल घे. त्यांची एकही ओळ पुसू नकोस. फक्त नियमाची ओळ उचल आणि स्तुतीच्या वर ठेव."

"नमस्काराच्या वर?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"हो, वर. देवाला खालच्या ओळीतला नमस्कार पोचतो. एडिटरला खालची ओळ पोचत नाही. दोघांत एवढा फरक आहे हे आपलं नशीब."

फाईल मिटली, उघडली. शापित म्हटलेल्या हाताने आकडे पुन्हा टाकले. पातं आलं. तुकडा सरळ पडला.

मग बाईंनी सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं. हा एडिटर फाईल उघडताना नियमाची ओळ शोधतो, पण सगळी फाईल चाळत नाही; वरच्या पाच ओळी तेवढ्या बघतो. त्यांच्या खाली नियम लिहा, त्याच्या लेखी तो नाहीच. "तुम्ही कामचुकारपणे एक ओळ लिहिलीत, म्हणून तुमचा नियम वर राहिला. हिने सगळी स्तुती मनापासून लिहिली, म्हणून हिचा नियम खाली ढकलला गेला. या बाबांवर जिची खरी श्रद्धा होती तिचाच हात तुम्ही जाळणार होतात."

तेवढ्यात शिष्य मटकन खाली बसला. "मी सांगितलं होतं त्यांना," तो म्हणाला. "हिच्या फाईलीवर पहिला पत्रा वाकडा आला तेव्हाच सांगितलं होतं, की स्तुतीने नियम खाली जातो. ते म्हणाले, गप्प बस, असली संधी पुन्हा येत नाही."

"पहिला पत्रा," पातेकाका हळूच म्हणाले. "म्हणजे माझी बोटं जायच्या आधी."

शिष्याने मान खाली घातली.

त्यानंतर जे झालं ते सांगताना मला लाज वाटते, पण गाळत नाही. ज्या हातांनी लेकाला मारलं त्याच हातांनी बाबांना उचललं. कुणी केस धरले, कुणी गळा. दात पडला, तो कुणाच्या तरी बुटाखाली गेला. फरफटत तव्यापाशी नेलं, उजवा हात ओढून वर धरला, बाहीला धग लागून धूर निघाला. बाबा लहान मुलासारखे ओरडत होते. मनगट पातेकाकांच्या मुठीत होतं, उरलेल्या बोटांच्या.

सून गर्दीत घुसली. एक कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फुटला. तिने काकांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"काका, यांचा हात जळला की तुमची बोटं उगवतील?"

"सोड, पोरी."

"मघाशी माझा जाळायला निघालात तेव्हाही तुम्हाला असंच वाटलं होतं ना, की उतारा पडेल? तेव्हाही खात्री होती ना?"

काकांनी आपल्या उरलेल्या बोटांकडे पाहिलं. मग मूठ उघडली. बाबा जमिनीवर पडले, आणि काका त्यांच्या शेजारीच बसून, पट्टीतला हात छातीशी धरून, हुंदके देऊ लागले. पोलीस आले तेव्हा दोघे तसेच होते. पट्ट्या मारणाऱ्यांनाही नेलं, काकांनाही. बाईंनी कुणाचीही नावं झाकली नाहीत.

तर मंडळी, मीही देव मानणारा माणूस आहे. नामाचा गजर झाला की माझे डोळे आजही भरून येतात. पण देवाने दिलेलं डोकं गहाण टाकून त्याच्या पायावर काय वाहायचं? एखादी गोष्ट बिघडली तर बाईंनी केलं तेच करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. हात बदला, जागा बदला, ओळ बदला. खरं कारण पळून जात नाही, ते तिथेच बसून वाट बघतं. आणि तेवढा धीर धरवत नसेल, तर निदान उगारलेला हात तरी खाली घ्या.

त्या कारखान्यात नमस्कार अजूनही लिहितात. एकच ओळ, नियमाच्या खाली. सून अजूनही तिथेच लिहिते, दोन्ही हातांनी.

तिचा नवरा गाडी चालवत नाही. हात वाकडा जुळला आणि उजवा कान कायमचा गेला. त्याच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला जाऊन बसावं लागतं. एडिटरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. आई आत काय शोधते आहे, ते सापडेल की नाही, हेही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच कळलं होतं की विचार करायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ त्याने आपल्या अंगावर झेलला.

आता उठाल, घरी जाल. आज्ञाबाबाला विसरलात तरी चालेल. त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिलेल्या मुक्याची आठवण तेवढी ठेवा.